वहीत न लिहिलेलं

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद दिलेत असं समज. डावं मनगट बांधलेलं आहे, त्यामुळे कागदावर इस्त्री ठेवून लिहितेय. ती हलवली की कागद सरकतो, म्हणून अक्षर तिरकं आलंय. फोन करणार होते, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. आमच्या चौकात ओरडणारे आधीच पुष्कळ आहेत.

झालं असं. गेल्या गुरुवारी सकाळी साडेसहाला दूध आणायला उतरले. खालच्या दारात कोणीतरी बाटली फोडून ठेवली होती. काचा दिसल्या, पण खाली काय सांडलं होतं ते दिसलं नाही. पाय गेला. पायऱ्यांवर पंधरा मिनिटं तरी पडून होते. मग कोणीतरी उचललं, औषधाच्या दुकानापर्यंत नेलं. हाड मोडलेलं नाही, फक्त मुरगळलंय. तू लगेच पिशवी भरू नकोस. भरणार नाहीसच म्हणा, तुझा गुडघा आडवा येईल.

तुला चौक आठवतो तो आता राहिलेला नाही. थिएटर बंद पडून चार वर्षं झाली. त्याच्या पायऱ्यांवर दुपारपासून सात-आठ जण बसतात. पितात, भांडतात, आमच्या दारात लघवी करतात. संध्याकाळी मोटारसायकलवाले येऊन कारंज्याभोवती घिरट्या घालतात. कारंजं कोरडं आहे, त्यात आता बाटल्या असतात. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर मुलीकडे राहायला गेले. समोरच्या इमारतीत दोनच खिडक्यांत दिवा लागतो. हे गेल्यापासून मला घरातल्या शांततेची सवय झाली होती, पण बाहेर एवढा गोंगाट आणि आत एवढी शांतता हे काही जमत नाही.

आता औषधवाल्याने पुढाकार घेऊन रहिवाशांची समिती केलीय. पोलीस चौकीतून एक तरुण पोलीसबाई दर मंगळवारी येणार आहे. मलाही घेतलंय, कारण माझी खिडकी बरोबर पायऱ्यांसमोर येते. तू एकतीस वर्षं ह्याच कामात होतास. सांग, आम्ही काय करायचं?

बोटीवरच्याचं काही कळलं का? त्याला म्हणावं, आत्या अजून जिवंत आहे, एखादं कार्ड टाकायला समुद्र आडवा येत नाही.

तुझी ताई


१५ मार्च

ताई,

पत्र वाचून जिवाला घोर लागला. मनगटावर गरम पाण्याचा शेक घे आणि आठ दिवस पिळायचे कपडे बाईकडे दे.

आता कामाचं. नुसती निवेदनं देऊ नका. आमच्या टेबलावर निवेदनांचा ढीग असायचा आणि त्यावर आम्ही चहाचा कप ठेवायचो. एक वही कर. तारीख, वेळ, काय झालं, कोणी केलं, तू कुठून पाहिलंस. 'फार त्रास झाला' असं लिहू नकोस, ते वाचून साहेब पान उलटतो. 'पाच वाजून दहा मिनिटांनी निळ्या शर्टवाल्याने कारंज्यात बाटली फोडली' असं लिहिलंस तर साहेबाला उत्तर द्यावं लागतं. नावं माहीत नसतील तर खुणा लिही. तुझी नजर चांगली आहे, बेचाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात बारीक काम केलंस.

पोलीसबाईशी चांगली वाग. ह्या कामात तिला वर कोणी शाबासकी देत नाही.

इकडे सगळं ठीक. गुडघा तसाच. बोटीवरचा खुशाल आहे.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

तुझी वही फळाला आली. मी शाळेतली दोनशे पानी घेतली होती, निम्मी भरली. मंगळवारी समितीत औषधवाल्याने ती सगळ्यांना वाचून दाखवली. पोलीसबाई म्हणाली, "आजी, आमच्या ठाण्यात अशी नोंद कोणी ठेवत नाही." मी म्हटलं, माझा भाऊ हवालदार होता, त्याच्याकडून शिकले.

खरं सांगायचं तर मंगळवारची मी वाट बघते. औषधवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत खोक्यांवर बसतो, सहा जण असतो, चहा असतो. ती पोरगी माझ्या शेजारी बसते आणि बूट थोडे सैल करते. परवा विचारत होती, चष्म्याची भिंगं कशी घासतात. एवढं कोणी काही विचारल्याला किती दिवस झाले ते मला आठवेना.

पायऱ्यांवरची मंडळी मी आता ओळखते. नावं मीच ठेवलीत. एक 'डबा', तो कचऱ्याच्या पेटीवर ताल धरतो. दोघे भाऊ असावेत, ते एकमेकांनाच मारतात. त्यांना 'जोडी' म्हणते. बाटल्या फोडतात ते हे तिघे. आणि एक 'टोपीवाला'. उंच, वाळलेला, दाढी वाढलेली, वरून बघता तिशी-पस्तिशीचा वाटतो. ऊन असो नसो, लोकरीची टोपी कानांखालपर्यंत ओढलेली. बसायच्या आधी वर्तमानपत्राच्या आठ घड्या करतो, त्या पायरीवर ठेवतो आणि मग बसतो, जणू पाहुण्याच्या घरी आलाय. पितो मात्र इतरांएवढंच. त्याची एक गंमत आहे. पोलीस दिसले की बाकीचे पळतात किंवा शिव्या देतात. हा उभा राहतो. हात पाठीमागे घेतो, मान खाली, टाचा जुळवतो. हजेरी चालल्यासारखा. पोलीसबाईलाच अवघडायला होतं.

आता महत्त्वाचं. ठाण्याने ह्याच चौघांविरुद्ध मनाईचा प्रस्ताव पाठवलाय. मंजूर झाला तर सहा महिने त्यांनी चौकात पाऊल ठेवायचं नाही, ठेवलं तर अटक. सुनावणी २४ तारखेला आहे. मुख्य साक्ष माझी आणि माझ्या वहीची. मी हिरवी साडी काढून ठेवलीय. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला ऐकायला बोलावतंय.

तू आला असतास तर बरं वाटलं असतं. खोली रिकामीच आहे.

तुझी ताई


५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. लगेच लिहितोय.

तो टोपीवाला. त्याची उंची अंदाजे किती? तुझ्या खालच्या दाराच्या कडीशी तुलना करून सांग. चालताना उजवा खांदा थोडा उतरतो का? टोपी कधी काढतो का? कान पाहिलेस का कधी, विशेषतः डावा? बोलताना आवाज ऐकू आला असेल तर कसा आहे?

आणि २४ तारखेची साक्ष जरा पुढे ढकलता आली तर बघ. तब्येतीचं कारण सांग. घाई नको.

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

तू अजून नोकरीतून सुटला नाहीस. उंची कडीच्या वर हातभर. खांद्याचं मी पाहिलेलं नाही. टोपी काढत नाही हे मी लिहिलंच होतं. कानांवरून माणूस ओळखता येतो हे तू मागे सांगायचास, पण इथे कोणी ओळख नाकारत नाहीये. सगळे तिथेच बसलेत, रोज, माझ्या नाकासमोर.

पण साक्ष पुढे ढकल म्हणालास ते मला लागलं. वही तूच ठेवायला लावलीस. महिनाभर मी जेवण बाजूला ठेवून खिडकीत बसले. आता सगळं तयार झाल्यावर तब्येतीचं कारण सांगायचं? माझी तब्येत उत्तम आहे. औषधवाला मला आता 'आमच्या मुख्य साक्षीदार' म्हणतो. तुला वाटत असेल म्हाताऱ्या बाईने साहेबासमोर उभं राहू नये, तर तसं स्पष्ट लिही.

बोटीवरच्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस.

ताई


१२ एप्रिल

ताई,

बोट नाही. कधीच नव्हती.

हे वाक्य लिहून दोन तास झाले. आता पुढचं लिहितो.

तो घरातून जाऊन सहा वर्षं झाली. कुठे आहे ते मला माहीत नाही. बोटीची गोष्ट मी पहिल्यांदा शेजाऱ्यांना सांगितली, मग तुला. मग ती इतकी पाठ झाली की मीच कधी कधी तो कुठल्या बंदरात असेल याचा विचार करायचो.

त्याची आई गेल्यावर तो प्यायला लागला. नोकरी गेली. बसस्थानकामागच्या पायऱ्यांवर अशाच टोळक्यात बसायचा. त्या वर्षी इथल्या लोकांनीही तुमच्यासारखीच समिती केली. निवेदन आलं, वरून हुकूम आला, पायऱ्या मोकळ्या करा. यादी माझ्या टेबलावर आली आणि यादीत तो होता. लोक माझ्याकडे बघत होते, हवालदाराचा मुलगा म्हणून सुटतो की काय. साहेब म्हणाले, "तुमच्या घरचं आहे, तुम्ही समजावून सांगा, नाव खोडतो." मी म्हटलं, खोडू नका. मी स्वतः गेलो, त्याला घेऊन आलो आणि तीन दिवस कोठडीत ठेवला. मला वाटलं, अद्दल घडेल. मला वाटलं, माझं नावही राहील.

दुसऱ्या दिवशी कोठडीत भांडण झालं. कोणीतरी त्याला गजावर आपटलं. डाव्या कानाची वरची कड गेली. मी पलीकडच्या खोलीत होतो. आवाज ऐकला आणि उठलो नाही, कारण रोजच काही ना काही आवाज असतो.

सुटल्यावर घरी आला. आंघोळ केली, कपडे धुऊन दोरीवर घातले आणि गेला. मला वाटलं, पेपर आणायला गेला. कपडे तीन दिवस दोरीवर होते.

लहानपणी मी त्याला शिकवलं होतं, मोठा माणूस समोर आला की हात मागे घेऊन, टाचा जुळवून उभं राहायचं. म्हणून तुझं पत्र वाचून मी लगेच ते प्रश्न लिहिले.

गुडघा ठीक आहे, ताई. तू बोलावत राहिलीस आणि मी आलो नाही, कारण तो परत आला तर दाराला कुलूप दिसू नये.

त्याची आई गेली तेव्हा तू आली होतीस. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, दाढी नव्हती. आता तू वरून ओळखणार नाहीस. मी स्वतः यायला हवं, मला कळतं. पण तो मला पाहून पुन्हा निघून गेला तर? तू खाली जाऊन एकदा बघशील का? कान फक्त.

धाकटा


१९ एप्रिल

धाकट्या,

तो नाही.

हे आधी लिहिलं, म्हणजे पुढची पानं तू श्वास रोखून वाचणार नाहीस.

तुझं पत्र मंगळवारी आलं. समितीत गेले नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. भीती वाटत होती, तो असेल याची आणि नसेल याचीही. बोटीबद्दल मला राग यायला हवा होता. आला, पण फार टिकला नाही. तू एकट्याने एवढं ओझं वागवलंस आणि मी दर पत्रात त्याला आशीर्वाद धाडत होते, ते वाचताना तुझं काय होत असेल हेच डोळ्यांसमोर येत राहिलं.

शुक्रवारी दुपारी चारला तो एकटाच होता. नुसतं जाऊन कान कसे बघायचे? मग सुचलं. तो पेपर हाताच्या लांबीवर धरून वाचतो हे मी कधीचं बघत होते. माझ्याकडे दुकानातल्या जुन्या नमुन्यांचा डबा आहे. त्यातले तीन चष्मे घेतले आणि उतरले.

जवळ गेले तर तो उभा राहिला. हात मागे. मी म्हटलं, "बस. मी पोलीस नाही."

"माहितीये," तो म्हणाला. "तुम्ही वहीवाल्या. वरच्या."

त्यांना सगळं माहीत होतं, धाकट्या. एवढे दिवस मला वाटत होतं मी पडद्याआड आहे.

मग त्याने विचारलं, "हात बरा झाला का?"

आता मला तुझ्यासारखंच एक कबूल करायचंय. पहिल्या पत्रात 'कोणीतरी उचललं' असं लिहिलं होतं. ते कोणीतरी म्हणजे हाच. तीन माणसं दारावरून गेली, एक बाई तर मला ओलांडून गेली. हा समोरच्या थिएटरच्या पायऱ्यांवरून उठून आला, पायाने काचा बाजूला सारल्या, मला उचललं आणि औषधवाल्याच्या दारात ठेवून निघून गेला. तोंडाला सकाळी साडेसहाला दारूचा वास होता. त्याला जाताना पाहून औषधवाल्याने विचारलं, ह्याने ढकललं का? मी म्हटलं, नाही, पडले. पण ह्याने उचललं हे मी कोणाला सांगितलं नाही. वहीत लिहिलं नाही. सांगितलं असतं तर समितीत जागा मिळाली असती का, हा विचार तेव्हा मनात आला होता, आता नाकारत नाही.

मी त्याला म्हटलं, "बरा झाला. चष्मा लावून बघ. विकायला नाही आणला." त्याला वाटलं थट्टा आहे. मग टोपी काढली. केस मागून विरळ झालेले. त्या सकाळी दुखण्यात चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं; आता जवळून बघितला तर पंचेचाळीसच्या पुढचा असेल, वरून मी पंधरा वर्षं चुकले. चष्म्याची काडी कानामागे बसवताना मी नेहमीसारखं बोटाने कान जरा पुढे घेतला. डावा, मग उजवा. दोन्ही अख्खे.

दुसरा चष्मा त्याला बसला. पेपर जवळ घेऊन वाचू लागला, ओठ हलवत. मग पेपर खाली ठेवून म्हणाला, "कान का बघितलेत?"

"चष्मा बसवायला."

"उजव्याच्या आधी डावा दोनदा बघितलात." आणि मग, "घरच्यांनी पाठवलंय का तुम्हाला?"

"कोणाच्या?"

"माझ्या."

मी नाही म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं." ते 'बरं' मला अजून ऐकू येतंय. इतकी वर्षं दुकानात लोकांचे डोळे जवळून पाहिले, पण नाही म्हटल्यावर असे झालेले डोळे पाहिले नव्हते.

मग मी सांगून टाकलं, माझ्या भावाचा मुलगा हरवलाय, त्याच्या कानाला खूण आहे. त्याने विचारलं, "किती वर्षं झाली?"

"सहा."

"सहा म्हणजे फार नाही," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, पोलीस आले की तू असा का उभा राहतोस. म्हणाला, अनाथाश्रमात होतो, तिथे तसं उभं राहावं लागे. म्हणजे घरचे म्हणून तो कोणाची वाट बघत होता, ते मी विचारलं नाही.

२४ ला मी जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुझी ताई


२७ एप्रिल

धाकट्या,

सुनावणी झाली. तुझं उत्तर आलेलं नाही, पण तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

खोली लहान होती, पंखा मोठा. साहेबांनी वही मागितली, चाळली, कौतुक केलं. मग मला विचारलं, ह्यात लिहिलेलं सगळं खरं आहे का? मी म्हटलं, लिहिलेलं सगळं खरं आहे, पण सगळं लिहिलेलं नाही. औषधवाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी टोपीवाल्याने मला उचलल्याचं सांगितलं. तो जाताना पायऱ्यांवरच्या काचा पायाने गोळा करून कोपऱ्यात सारतो, तेही मी सतरा-अठरा वेळा पाहिलं होतं, तेही सांगितलं. साहेब म्हणाले, "मग हे वहीत का नाही?"

"मी फक्त त्रास लिहीत होते," मी म्हटलं.

डबा आणि जोडीवर मनाई आली. त्यांनी खरंच बाटल्या फोडल्या होत्या, त्याबद्दल माझं दुमत नाही. टोपीवाल्याचं नाव साहेबांनी वगळलं.

बाहेर आल्यावर मी पोलीसबाईला म्हटलं, आता त्याला जाऊन सांग. तिने मला बाजूला घेतलं. तो आदल्या रविवारीच गेला होता. शनिवारी तिने चौघांना सुनावणीच्या नोटिसा वाटल्या. बाकीच्यांनी तिथेच फाडल्या. ह्याने खिशातून चष्मा काढला, उभ्यानेच दोनदा वाचली, घडी केली. तिला विचारलं, "साक्षीदार म्हणून हे नाव आहे, ते वरच्या बाईंचं का?" ती हो म्हणाली. तिला तरी काय माहीत होतं? दुसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही.

माझ्याच चष्म्याने त्याने माझं नाव वाचलं, धाकट्या. शुक्रवारी मी त्याच्या शेजारी अर्धा तास बसले होते आणि २४ तारखेबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

चौक शांत आहे. कारंज्यातल्या बाटल्या काढल्या. मोटारसायकली अडवायला खांब रोवले. मास्तर मुलीकडून परत येतायत म्हणे. औषधवाला माझ्याशी बोलतो, पण आता खोक्यावर बसायला सांगत नाही. समितीचं काम झालं, म्हणून मंगळवार बंद केलाय, आता दोन महिन्यांनी बघू. पोलीसबाईला दुसरा भाग दिला. जाताना ती भेटून गेली, पण बूट सैल करण्याएवढी बसली नाही.

काल संध्याकाळी मी खिडकीत बसले, सवयीने. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मग खाली जाऊन बसस्थानकापर्यंत चालत गेले, त्याच्या मागच्या बाजूला बघितलं. तिथे दहा-बारा जण होते. तो नव्हता. मी सगळ्यांचे कान बघितले मात्र.

ताई


१६ मे

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण आधी करायचं आणि मग लिहायचं असं ठरवलं होतं, आणि करायला पाय उचलत नव्हता.

तो नाही हे वाचून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली. मग त्या माणसाचं 'सहा म्हणजे फार नाही' हे चार दिवस डोक्यात राहिलं. त्याला कोणी शोधायला नाही आणि तो मला धीर देऊन गेला.

तुझा त्यात दोष नाही असं लिहिणार होतो. पण तू तसं मला लिहिलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. तू साहेबांसमोर बोललीस, तो नसताना बोललीस, हे मला पुरेसं आहे. मला सहा वर्षांत तेवढंही जमलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दहाला चौकीत गेलो. माझीच चौकी. टेबलाची जागा बदललीय. एक नवी पोलीस मुलगी होती, मला ओळखत नव्हती. म्हणाली, "बसा आजोबा." मी बाकावर बसलो. तो बाक फार बुटका आहे, ताई. खुर्चीवरून हे कधी लक्षात आलं नव्हतं. तिथे बसलेल्या माणसाला मान वर करूनच बोलावं लागतं.

"माणूस हरवल्याची तक्रार द्यायचीय," मी म्हटलं.

तिने छापील अर्ज काढला. नाव, वय, उंची. उंची सहा वर्षांपूर्वीची सांगितली. अंगावरची खूण विचारली. मी डाव्या कानाचं सांगितलं.

"कशाने झालं?"

"भांडणात."

"कुठे?"

"इथेच. मागच्या कोठडीत."

तिने वर बघितलं, पण लिहिणं थांबवलं नाही. चांगली पोलीस होईल ती. शेवटचं कधी पाहिलं? मी तारीख सांगितली. वेळ? सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. अंगावर काय होतं? करड्या रंगाचा शर्ट, माझाच, बाह्या दुमडलेल्या. एवढं सगळं मला पाठ होतं, आणि सहा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

मग तिने पेन खाली ठेवून विचारलं, "इतकी वर्षं का थांबलात?" अर्जात तो रकाना नाही. मीही लोकांना हेच विचारायचो, ह्याच आवाजात. मी म्हटलं, "लाज वाटत होती." तिने मान हलवली.

शेवटचा रकाना, घर सोडण्याचं कारण. तिथे मी एकतीस वर्षं 'किरकोळ वाद' एवढंच लिहीत आलो. समोरचा काहीही सांगो, रकाना लहान असतो. तीही तेच लिहायला लागली होती. मी तिला थांबवलं. म्हटलं, "ते नको. लिहा, वडिलांनी कोठडीत टाकलं."

"वडील म्हणजे?"

"मी."

जागा पुरेना. तिने उरलेलं समासात लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली. फोटो दिला, तो तिने टाचणीने नाही लावला, पाकिटात घातला.

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, सापडले तर काही निरोप द्यायचाय का? कोणी कोणी देतात." माझ्या वेळी आम्ही हे विचारत नव्हतो.

मग म्हटलं, "सांगा, बापाने तक्रार दिलीय. पण ह्या वेळी तुझ्याविरुद्ध नाही."

ती ते कुठे लिहावं म्हणून अर्ज वरखाली बघत होती. मी म्हटलं, लिहू नका, नुसतं लक्षात ठेवा.

धाकटा